सिंधुदुर्गच्या खाड्यांतील पाणमांजर : बदलता दृष्टिकोन आणि दफ्तराचे मौन

प्रस्तावना

पर्यावरणाच्या इतिहासलेखनात बीव्हर या प्राण्याला एक विशेष स्थान प्राप्त झाले आहे. उत्तर अमेरिका आणि युरोप-आशियाच्या थंड प्रदेशांतील हा कृंतकवर्गीय प्राणी झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालतो. त्याच्या कातडीसाठी, मांसासाठी आणि शरीरातील सुगंधी स्रावासाठी त्याची इतकी हत्या झाली की विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-आशियात जेमतेम १२०० प्राणी उरले होते. शेतात पाणी शिरते म्हणून शेतकऱ्याने त्याला उपद्रवी ठरविले होते. पुढे त्याच बांधांमुळे पाणी मुरते, पाणथळ जागा निर्माण होतात आणि पुराचा वेग मंदावतो हे ध्यानात आले. स्वीडनने १९२२ मध्ये हा प्राणी पुन्हा आणला, स्कॉटलंडमध्ये नॅपडेल येथे २००९ मध्ये तो सोडण्यात आला आणि इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले.

भारतात बीव्हर नाही. तथापि एकाच पाण्यावर माणसाचा आणि प्राण्याचा हक्क आला म्हणजे त्या प्राण्याकडे पाहण्याची दृष्टी कशी घडते व कशी बदलते, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. देवगडपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्यांत या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास समोर येणारा प्राणी म्हणजे पाणमांजर होय. तो बांध घालत नाही. परंतु मासळी खातो. आणि मालवणच्या किनाऱ्यावर मासळी ही केवळ निसर्गसंपत्ती नाही, ती उपजीविका आहे. प्रस्तुत लेखात या प्राण्याविषयीच्या दृष्टिकोनाचा मागोवा घेतला आहे. त्याचबरोबर, हा इतिहास लिहिताना साधनांची जी अडचण उभी राहते तीही एक ऐतिहासिक वस्तुस्थितीच आहे, असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

नाव आणि प्राणी

दक्षिण कोकणात व गोव्यात पाणमांजराला ऊद किंवा हूद म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘उद्र’ व पाली ‘उद्द’ यांच्याशी जुळतो. ‘उदक’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. इंग्रजीतील ‘ऑटर’ हाही त्याच प्राचीन मुळापासून आलेला शब्द आहे. म्हणजे पाणमांजर हे भाषेच्या दृष्टीने मुळात ‘पाण्याचा प्राणी’ एवढेच होय. मात्र मराठीत या नावाने एक घोटाळाही केला आहे. उदमांजर आणि मसण्या ऊद ही नावे वेगळ्याच, जमिनीवर व झाडांवर राहणाऱ्या निशाचर प्राण्यांची आहेत. मसण्या ऊद पुरलेली प्रेते उकरतो अशी समजूत गावोगावी ऐकू येते. केवळ नावाच्या साम्यामुळे त्या समजुतीची सावली खाडीतल्या ऊदावरही पडावी, हे त्याचे दुर्दैव होय.

जगात पाणमांजराच्या सुमारे १३ जाती मानल्या जातात. कोकणच्या खाड्यांत प्रामुख्याने आढळते ते मऊ केसांचे पाणमांजर. वजन सुमारे ७ ते ११ किलो, शेपूट टोकाकडे चपटी, बोटांमध्ये पडदे आणि राहणी कुटुंबाच्या गटात. हा गट अर्धवर्तुळ करून मासे उथळ पाण्याकडे रेटत नेतो. ज्याने किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे, त्याला ही पद्धत वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरी जात आखूड नखांच्या लहान पाणमांजराची. जगातील सर्वांत लहान असलेली ही जात मुख्यत्वे खेकड्यांवर जगते व पश्चिम घाटातील ओढ्यांत आणि गोव्यातही आढळते. या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहेत.

मासा कोणाचा?

भारतीय साहित्यातील पाणमांजराचे सर्वांत रोचक दर्शन जातककथांत घडते. ससजातकात ससा, माकड, कोल्हा व पाणमांजर असे चार मित्र आहेत. एका मच्छीमाराने गंगेच्या वाळूत पुरून ठेवलेले सात तांबडे मासे पाणमांजराला सापडतात. ते नेण्यापूर्वी ‘हे कोणाचे?’ असे ते तीन वेळा विचारते; उत्तर येत नाही, तेव्हा ते मासे उचलून नेते. कथेचा मुख्य हेतू सशाच्या त्यागाचा महिमा सांगण्याचा आहे, हे खरे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला हा लहानसा प्रसंग अधिक बोलका वाटतो. मच्छीमार आणि पाणमांजर यांच्यात मासळीच्या मालकीचा प्रश्न आहे, याची जाणीव त्या कथाकाराला होती. त्याने पाणमांजराला चोर ठरविलेले नाही. तीन वेळा विचारणारा, पण उत्तराची फारशी वाट न पाहणारा असा शेजारी ठरविले आहे.

दब्भपुप्फ जातकात दोन पाणमांजरे एक रोहित मासा पकडतात आणि वाटणीवरून भांडतात. न्याय करायला आलेला कोल्हा एकाला डोके देतो, दुसऱ्याला शेपूट, आणि मधला भाग स्वतः नेतो. या कथेकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

बंगालमध्ये या शेजाराने निराळेच रूप घेतले. बिशप हेबर याने १८२४ मध्ये नदीकाठी बांबूच्या खुंटांना लांब दोऱ्यांनी बांधलेली नऊ-दहा पाणमांजरे पाहिली. मासे जाळ्याकडे हाकून आणण्यासाठी तेथील कोळी ती पाळत असत. आजच्या बांगलादेशातील नराईल परिसरात ही पद्धत आपल्या काळापर्यंत टिकून राहिली. तीही आपल्याच खाडीतील मऊ केसांची जात. एकाच प्राण्याकडे एका किनाऱ्यावर भागीदार म्हणून आणि दुसऱ्या किनाऱ्यावर प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले गेले. यावरून दृष्टिकोन प्राण्याच्या स्वभावापेक्षा मासेमारीच्या साधनांवर आणि पाण्याच्या रचनेवर अवलंबून असतो, असे म्हणता येईल. कोकणात मासेमारीचा मुख्य भार समुद्रावरील रापणीवर राहिला. खाडीत पाग, गरी, कांडाळ ही छोटी साधने. तेथे पाणमांजराला कामाला जुंपण्याची गरज भासली नाही. उलट रात्री लावलेल्या कांडाळीत अडकलेली शेवटे किंवा काळुंदर सकाळी अर्धवट खाल्लेली मिळत आणि जाळे फाटलेले असे. हे नुकसान खरे आहे. ज्याच्या घरात एवढे एकच जाळे आहे त्याच्या दृष्टीने ते मोठे आहे. निसर्गप्रेमी लेखनात या नुकसानीचा उल्लेख टाळण्याची जी पद्धत पडली आहे ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

शत्रुत्वाची दफ्तरे

ब्रिटिश राजवटीने वन्य प्राण्यांची विभागणी स्थूलमानाने दोन गटांत केली : शिकारीचे प्राणी आणि घातक प्राणी. महेश रंगराजन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखविल्याप्रमाणे वाघ, बिबळे, लांडगे मारणाऱ्यांस बक्षिसे दिली जात व त्यांचे वार्षिक आकडे सरकार ठेवीत असे. साप मारल्याचे आकडेही त्यात असत. मालवण, वेंगुर्ले, देवगड हा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते. या दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने १८८० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रत्नागिरी व सावंतवाडीचा गॅझेटियरचा खंड प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. प्राणिविषयक कुतूहल वाढत होते. परंतु पाणमांजर हे माणसाला वा गुराला मारणारे नव्हते आणि साहेबाच्या बंदुकीला शोभेल असे भव्यही नव्हते. बक्षिसांच्या आकड्यांचा रोख त्याच्याकडे नव्हता.

येथे इंग्लंडशी तुलना उद्‌बोधक ठरते. इंग्लंडमध्ये खास कुत्र्यांचे कळप बाळगून पाणमांजराची शिकार करणारी मंडळे होती. प्रत्येक मंडळ आपल्या वहीत किती दिवस शिकार झाली, किती पाणमांजरे दिसली, किती मारली याची नोंद ठेवी. चॅनिन व जेफरीज या अभ्यासकांनी या वह्या तपासल्या आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : १९५७-५८ च्या सुमारास पाणमांजरांची संख्या एकाएकी घसरू लागली होती, आणि त्याचे कारण शिकार नव्हे तर शेतीत वापरले जाणारे डिल्ड्रिनसारखे कीटकनाशक हे होते. ज्या वह्या शिकारीच्या अभिमानाने लिहिल्या गेल्या, त्याच संरक्षणाचा पुरावा ठरल्या. १९७८ मध्येच इंग्लंडमध्ये पाणमांजराला कायदेशीर संरक्षण मिळाले. ती विषारी द्रव्ये बंद झाल्यावर संख्या हळूहळू सावरली व २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पाणमांजर परतल्याचे जाहीर झाले.

कोकणात अशा वह्या नाहीत. पाणमांजराशी येथील माणसाचे वैर होते. पण ते वैर संघटित नव्हते, हौशी नव्हते आणि लिहून ठेवलेले तर मुळीच नव्हते. मच्छीमाराने त्याला हुसकावले, क्वचित मारले, पुष्कळदा सोडून दिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा एक विरोधाभास वाटेल, परंतु तो खरा आहे : ज्या प्राण्याचे शत्रुत्व दफ्तरात शिरले त्याचा ऱ्हास मोजता आला, ज्याच्याशी लोक सहनशीलतेने वागले तो केव्हा कमी झाला हे सांगणारा कागद निर्माणच झाला नाही.

कातडीच्या व्यापाराची कथा थोडी निराळी. पाणमांजराची दाट लव ही उत्तरेकडील थंड प्रदेशांत प्रतिष्ठेची वस्तू होती व भारतातून तिबेट-चीनकडे जाणाऱ्या चोरट्या व्यापारात वाघ-बिबळ्यांच्या कातड्यांबरोबर पाणमांजराचीही कातडी असत. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथील कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी अशी कातडी वापरू नका असे आवाहन केले आणि त्यानंतर तिबेटमध्ये ठिकठिकाणी लोकांनी आपल्या अंगरख्यांवरील कातडी जाहीरपणे जाळली. दृष्टिकोन एका हंगामात बदलू शकतो याचे हे उदाहरण. पुढे २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत भारताच्या पुढाकाराने मऊ केसांच्या व लहान अशा दोन्ही जातींचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी असलेल्या पहिल्या परिशिष्टात करण्यात आला.

पाश्चात्त्य वाचकाचे मन पाणमांजराकडे वळविण्यात गॅव्हिन मॅक्सवेल यांच्या १९६० मधील ‘रिंग ऑफ ब्राइट वॉटर’ या पुस्तकाचा मोठा वाटा मानला जातो. त्यातील मिजबिल हे पाणमांजर इराकच्या दलदलीतून आणलेले होते, आणि ते स्कॉटिश जातीचे नसून आपल्या खाडीतल्याच मऊ केसांच्या जातीचे होते. आपल्याकडे मात्र त्या जातीवर ललित वाङ्मय जवळजवळ नाहीच, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकांनीही मनावर घ्यावी अशी आहे.

खाडीतील कार्य

‘आधारभूत प्रजाती’ ही संकल्पना रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये मांडली. तिचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा समुद्री पाणमांजराकडून मिळाला. अठराव्या शतकापासून कातडीसाठी झालेल्या संहारामुळे १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वेळी उत्तर प्रशांत महासागरात एक ते दोन हजारच प्राणी उरले होते. एस्टेस व पाल्मिसानो यांनी १९७४ मध्ये अल्यूशियन बेटांचा अभ्यास करून दाखविले की, जेथे पाणमांजर परतले तेथे ते समुद्री साळींदर खात असल्याने केल्प या समुद्रवनस्पतीची वने टिकली. जेथे नव्हते तेथे साळींदरांनी तळ उघडा केला.

हा निष्कर्ष जसाच्या तसा कर्ली किंवा कालावलच्या खाडीला लावणे शास्त्रीय ठरणार नाही. तेथील अन्नसाखळी वेगळी आहे. पण काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पाणमांजर हे खाडीच्या अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असते. पाण्यात मिसळलेली विषारी द्रव्ये लहान माशांतून मोठ्या माशांत व तेथून त्याच्या शरीरात साठत जातात. इंग्लंडमध्ये घडले ते यामुळेच. काठावरच्या ठरावीक दगडांवर व उंचवट्यांवर ते विष्ठा टाकते. माशांच्या खवल्यांनी व खेकड्यांच्या कवचांनी भरलेल्या या जागा म्हणजे पाण्यातील सत्त्व जमिनीवर आणणारी लहान केंद्रेच होत. आणि ते खेकडे खाते.

या शेवटच्या गोष्टीला कोकणच्या कृषी इतिहासात विशेष अर्थ आहे. खाडीकाठची खाजणे बांध घालून भातशेतीखाली आणणे हा येथील शतकानुशतकांचा उद्योग. शेजारच्या गोव्यात गावकारी संस्थांची ही व्यवस्था पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत नोंदविली. तेथे भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजाला ‘मानस’ म्हणतात. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमिनीविषयी स्वतंत्र कायदे केले. मातीच्या बांधाचा जुना वैरी म्हणजे खेकडा. त्याच्या बिळातून पाणी झिरपते, भरतीला भगदाड पडते आणि खारे पाणी शेतात शिरून पुढील काही हंगाम जमीन वाया जाते. खेकडे खाणारा प्राणी बांधाच्या परिसरात असणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. म्हणजे एकाच घरातील जाळे लावणारा भाऊ पाणमांजराला दोष देत असताना, बांध राखणाऱ्या भावाच्या शेतावर तेच पाणमांजर बिनपगारी राखणदारी करीत असते. गोव्यात चोडण बेटाच्या खाजणांत गेल्या काही वर्षांत पाणमांजरांचा जो अभ्यास चालू आहे, त्यामुळे हा विषय शेती आणि मासेमारी यांच्या संदर्भात पाहण्याची दिशा मिळाली. सिंधुदुर्गातही तसा दीर्घकालीन अभ्यास व्हावयास हवा.

कायदा आणि काठ

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याचा वन्यपशू व पक्षी संरक्षण कायदा १९५१ चा. देशव्यापी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मऊ केसांचे पाणमांजर सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. याच काळात सिंधुदुर्गात संरक्षणाचे इतर प्रयोगही झाले. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. २९.१२ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध झाला, कारण आपल्या पाण्याचे नियम आपल्याला न विचारता ठरले अशी त्यांची भावना होती. याउलट कासवांच्या बाबतीत वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर लोकच अंड्यांचे राखणदार झाले. पूर्वी तीच अंडी खाल्ली जात. ही तुलना पाणमांजराला मात्र फारशी उपयोगाची नाही. कासव रात्री येते, अंडी घालून जाते आणि कोणाच्या जाळ्यातली मासळी पळवीत नाही. पाणमांजर बारमाही शेजारी आहे.

शिवाय कायदा प्राण्याचे रक्षण करतो. काठाचे रक्षण निराळ्या खात्यांकडे आहे. पाणमांजराला बीळ करण्यासाठी शांत काठ, दगडांच्या कपारी, मुळांचे जाळे लागते. कांदळवनांच्या बाबतीत सुधारणा झाली आहे : मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा अंतरिम आदेश व २०१८ चा अंतिम निकाल, २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष यांमुळे तिवरांची तोड पूर्वीसारखी सहजासहजी होत नाही. परंतु वाळूचे तसे नाही. कर्ली, कालावल, तेरेखोल या खाड्यांतील वाळूउपसा हा जिल्ह्यातील कायमचा वादविषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. तरी प्रश्न सुटला नाही. हातपाटीने वाळू काढणे व यंत्राने तळ उपसणे यांत महदंतर आहे. तळ खोल गेला की काठ ढासळतो, आणि ढासळत्या काठावर बीळ टिकत नाही. काठाबरोबर माड जातो, बांध जातो, माशांच्या पिलांची उथळ जागाही जाते.

दब्भपुप्फ जातकातील कोल्ह्याची आठवण येथे होते. मच्छीमार आणि पाणमांजर डोके-शेपटीसाठी भांडत असताना मधला भाग तिसऱ्याकडे गेला आहे. खाडीतील मासळी कमी झाली याचा दोष दिसणाऱ्या प्राण्याला देणे सोपे असते; कारण तो सकाळी फाटलेल्या जाळ्याजवळ असतो. न दिसणाऱ्या कारणांना तोंड नसते.

पुढील साधने

कागद नाहीत म्हणून इतिहास नाही, असे मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणू नये. खाडीकाठच्या सत्तरी ओलांडलेल्या मच्छीमारांशी बोलताना ‘पूर्वी हूद पुष्कळ होते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. मात्र ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा, हे ठरविल्याशिवाय त्याला साधनाचे मूल्य येत नाही. त्यासाठी स्मृतीला खुंट्या लागतात, आणि या जिल्ह्यात त्या भरपूर आहेत : १९६१ ची गोवामुक्ती, १ मे १९८१ ची जिल्हानिर्मिती, १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे, नोव्हेंबर २००९ चे फयान वादळ. गोवामुक्तीच्या वेळी तुमच्या कोंडीत हूद दिसत होते का? रेल्वे आली तेव्हा? फयानच्या वर्षी? असे तीन-चार प्रश्न, त्याच खाडीच्या दोन्ही काठांवर, मच्छीमार आणि खारजमीनधारक या दोघांनाही विचारले, तर दहा-बारा गावांतून एक विश्वसनीय कालपट उभा राहू शकेल. फाटलेल्या जाळ्यांचा हिशेबही त्याच वेळी लिहून घ्यावा. नुकसान किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्याचे. मालवण, देवगड, कणकवली, सावंतवाडी येथील महाविद्यालयांच्या इतिहास व प्राणिशास्त्र विभागांना हे काम एकत्र करता येण्यासारखे आहे. पदव्युत्तर वर्गाच्या एका प्रकल्पाइतके ते आहे, आणि गोवामुक्तीच्या वेळी तरुण असलेले साक्षीदार आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत.